लेकरं यायच्या आधीची बाई

ती बाई मला पहिल्यांदा दिसली तेव्हा डालग्याखाली होती. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं टोपलं. मी लातूरच्या त्या बालवाडीत गेटावर बसायच्या कामाला पहिल्या दिवशी गेलो, तर अंगणात एक डालगं उपडं पडलेलं आणि ते हळूहळू माझ्याकडं सरकत आलेलं. खालून दोन जाडजूड पाय दिसत होते.

मी विचारलं, "बाई कुठं हायत? मला आप्पांनी पाठवलंय."

डालग्यातून आवाज आला, "जरा दम धरा. अंडं द्यायलेय."

बाजूला दोघीजणी उभ्या होत्या. एक तरणी, लेकरांना शिकवणारी ताई. दुसरी पोक्त, खिचडी आणि झाडलोट बघणारी. तिला सगळे खाला म्हणत. दोघी पोट धरून हसत होत्या. मी इकडंतिकडं पाहिलं. अंगणात एकही लेकरू नव्हतं.

"लेकरं कुठं हायत?"

"बच्चे यायला अजून टाइम हाय, चाचा," खाला म्हणाली.

"मग हा खेळ कुणासाठी चाललाय?"

डालगं वर झालं. आतून पन्नाशीची बाई निघाली. अंगानं भरलेली, केसात काड्या, कपाळाला घाम.

"आमच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही मुकादम ना? या, या. चपला त्या पायरीपाशी काढा. शहाणपणबी तिथंच ठेवा. जाताना घेऊन जावा, हितं कुणी चोरत न्हाई."

मी चपला काढल्या. शहाणपण काढलं नाही.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालांचा मुकादम होतो. माझी हाक गेली की पोत्यांच्या थप्पीवर झोपलेला माणूस उभा राहायचा. आडतीचे मालक आप्पा. कपाळाला भस्म, पांढरं धोतर, शब्दाला पक्के. गुडघे गेले तेव्हा आप्पा म्हणाले, "मुकादम, घरी बसून कुजू नका. आमची बालवाडी हाय, गेटावर बसा." मला वाटलं गेट म्हणजे मान. कोंबडी सलाम करायला येईल असं वाटलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी बाईंना तोंडावर सांगितलं, "बाई, मी गेट सांभाळीन. पण हे माकडचाळे माझ्याच्यानं व्हायचे न्हाईत. मी हसणारबी न्हाई."

दुसरी कुणी असती तर फुगली असती. ह्या बाईचे डोळे चमकले. "खरंच हसणार न्हाई?"

"न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

ती वळून ओरडली, "ताई, खाला, पळत या! आपल्याला एक न हसणारा माणूस घावलाय!"

तेव्हापासून त्या बालवाडीत रोज सकाळी एक रीत सुरू झाली. लेकरं यायच्या आधी तिघींनी माझ्यापुढं यायचं आणि मला हसवून दाखवायचं. जिच्यामुळं माझ्या मिशीचा केस हलेल, तिला पहिला चहा. ताई बेडकासारखी उड्या मारत यायची. खाला माझीच नक्कल करायची, पदराचा फेटा बांधून आणि झाडूची मिशी लावून. बाईंचं काही सांगता यायचं नाही. एकदा त्या माझ्यासमोर गंभीर तोंडानं उभ्या राहिल्या आणि झोक्याला रागावू लागल्या. "सारखा पुढं जातूस, मागं येतूस, एका जागी बसायला काय व्हतंय तुला? बाप कोण हाय तुझा? उद्या बोलावून आण." मी दात इतके दाबले की रात्रीची भाकर चावता आली नाही. पण हसलो नाही.

पुढं बाईंनी ही रीत लेकरांनाही लावून दिली. सकाळी गेटावर रडारड असायचीच. आईचा पदर सुटत नाही, बापाची गाडी सुटत नाही. बाई रडणाऱ्या लेकराच्या कानात सांगायच्या, "त्यो मुकादम बघ. त्याला हसू येत न्हाई बिचाऱ्याला. तुला जमतंय का बघ की जरा." लेकरू रडता रडता माझ्याकडं बघायचं, नाक ओढायचं, जीभ काढायचं. मी ढिम्म. मग ते कान ओढायचं, डोळे फिरवायचं. मी ढिम्म. तोवर आईबाप निघून गेलेले असायचे आणि लेकराच्या ते ध्यानातही नसायचं. गडी आपल्या कामात बुडालेला. आमची कारभारीण घरी म्हणायची, "बायांत बसून खुळे झालाव." मी म्हणायचो, "खुळ्या त्या हायत. मी नोकरी करायलोय."

एक दिवस मी बाईंना खोचून विचारलं, "लेकरांसाठी खेळताव ते समजलं. पण लेकरं यायच्या आधी तुम्ही तिघी कामून नाचताव?"

बाई डबा खात होत्या. त्या डबा उलटा खायच्या, आधी गूळ, मग भात, मग भाजीभाकर. गूळ चघळत म्हणाल्या, "मुकादम, खालाचं घर गळतंय. ताईची सासू सकाळी सकाळी बोलती. माझी कंबर दुखती. हे सगळं आम्ही डोक्यावर घेऊन हितं येतो. मग पहिलं लेकरू येतं. ते पाणी सांडतं. अन् आमच्या डोक्यावरचं समदं त्याच्या पाठीवर पडतं. हात जरा जोरात धरला जातो. त्याला काय माहीत सासू काय म्हणली ते?" मग बोटं चाटली. "चूल पेटल्याबगर भाकर फुगती का? आधी आपण पेटायचं."

मला हे कळत होतं. मोंढ्यात हमाल क्विंटलच्या पोत्याला हात घालायच्या आधी एकमेकांची आयमाय काढतात, कुणाच्या तरी लग्नाची चेष्टा करतात, आणि मग "हुप्प" म्हणून उचलतात. मुक्यानं उचललेलं पोतं कमरेत भरतं. हे मी बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला त्याच दिवशी नाचायला लावलं असतं.

बाईंना सगळीकडं खुळेपणा करायची सवय होती असं मात्र समजू नका. खालाचा मालक वारला तेव्हा त्या तिच्या घरी गेल्या आणि भिंतीला टेकून दिवसभर मुक्यानं बसल्या. इद्दतीचे, म्हणजे सुतकाचे, चार महिने दहा दिवस संपवून खाला कामावर आली तेव्हा तिचं तोंड उन्हात टाकलेल्या चामड्यासारखं झालं होतं. मला वाटलं, आता बाई हिला हसवायला जाणार आणि ही रडणार. बाईंनी तिला तसलं काही करायला लावलंच नाही. म्हणाल्या, "खाला, तुम्ही आजपासून दगड. सकाळच्या खेळात तुम्ही हितं बसायचं. दगडानं हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई." खाला बसली. ताई दगडाला अडखळून पडायची, बाई दगडावर कपडे धुवायच्या, दगडाला शेंदूर लावू का म्हणून विचारायच्या. खाला नुसती बघायची. असे लई दिवस गेले. एके सकाळी बाई दगडावर कपडे आपटत होत्या, तर दगड म्हणाला, "साबून तो लगाव, बाई. नुसत्या पाण्यानं मळ निघतो का?" तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी गेटाकडं तोंड करून उभा राहिलो. गेट उघडं होतं, कुणी आत घुसलं असतं.

आईबापांशी मात्र बाईंचं जमायचं नाही. आमचं लातूर म्हणजे शिकवणीचं गाव. भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो आणि त्याखाली मार्क. लेकराला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही, आणि बाप विचारतो, "बाई, याला डॉक्टर करायचाय. पाया कधीपासून घालायचा?" बाई म्हणायच्या, "आधी त्याला चड्डी घालता येऊ द्या." काही हसायचे, काही नाव काढून घेऊन जायचे. जे जायचे ते आप्पांच्या आडतीवर जाऊन बोलायचे. आणि एक क्लासवाले सर होते, त्यांचा आमच्या जागेवर डोळा होता. मोक्याची जागा, मोठं अंगण. ते आप्पांच्या मागं लागले होते, जागा द्या, तिथं लहान्यांचाच क्लास काढतो, बाकं टाकतो, आपलं नाव होईल.

आप्पा तयार नव्हते, पण नाहीही म्हणत नव्हते. आणि अशात लपंडावाचा दिवस उजाडला.

त्या सकाळी तिघींनी लपंडाव मांडला. मला बाईंनी बजावलं, "मुकादम, तुम्हाला हितनं सगळं दिसतंय. कोण कुठं लपलंय ते कुणालाबी सांगायचं न्हाई. शब्द?" मी म्हणालो, "शब्द." ताई पाण्याच्या टाकीमागं गेली. खाला कोठीत तांदळाच्या पोत्यामागं बसली. बाईंनी लेकरांची मोठी सतरंजी घेतली, आडव्या पडल्या आणि लोळत लोळत स्वतःला तिच्यात गुंडाळून घेतलं.

मी वाट बघत होतो, आता शोधायला कोण निघतंय. कुणीच निघेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तिघीही लपल्यात. ज्याच्यावर राज्य तो शोधणार, आणि प्रत्येकीला वाटत होतं राज्य दुसरीवर आहे. हे मी ओरडून सांगू शकलो असतो. पण मग कोण कुठं आहे ते फुटलं असतं. शब्द म्हणजे शब्द.

लेकरं येऊ लागली. मी आत सोडू लागलो. तेवढ्यात आप्पांची जीप आली. आप्पा उतरले, मागून चार आईबाप उतरले, त्यांच्या मागून ते क्लासवाले सर.

आप्पांनी आत बघितलं. पटांगणात लेकरं, आणि मोठं माणूस एकही नाही.

"मुकादम, बाई कुठं हायत?"

"मला ठावं हाय, आप्पा. पण सांगता यायचं न्हाई."

"कामून?"

"शब्द दिलाय."

आप्पांचं भस्म कपाळावर आकसलं. "पगार कोण देतंय तुला?"

"पगार तुम्ही देताव. शब्द बाईंना दिलाय."

हे लेकरांनी ऐकलं. लेकरं काय बावळट असतात का? एक पोरगी किंचाळली, "बाई लपल्यात!" आणि सगळी पाखरासारखी उधळली. टाकीमागून ताईला ओढून काढली. कोठीतून खालाला काढली, तिच्या पदराला तांदूळ लागलेले. मग दोनतीन लेकरं दमून सतरंजीच्या गुंडाळीवर बसली, आणि सतरंजी म्हणाली, "आई गं, माझी कंबर!"

लेकरांनी सतरंजीचं टोक धरलं आणि ओढलं. बाई गरगरत निघाल्या त्या थेट आप्पांच्या जोड्यापाशी येऊन थांबल्या.

त्या उठल्या. आप्पांना नमस्कार करतील असं मला वाटलं. त्यांनी खालाकडं बोट केलं. "खाला! राज्य तुमच्यावर व्हतं की!"

"मेरे पो कायकू? ताई पो था!"

"माझ्यावर? अवो मी समजले बाईंवर हाय!"

तिघी तिथंच भांडू लागल्या. क्लासवाले सर आईबापांकडं बघून मान हलवत होते. आप्पा एवढंच म्हणाले, "बास." मोंढ्यात आप्पा असं बास म्हणाले की तराजूसुद्धा डुलायचा थांबायचा.

"लेकरांनी खेळावं. तुम्ही तिघींनी उद्यापासून खेळायचं न्हाई. नोकरीवाल्या बायांसारखं ऱ्हायचं. अन् महिनाअखेरीला मी ठरवतो, ही बालवाडी ठेवायची का जागा सरांना द्यायची."

बाई म्हणाल्या, "बरं, आप्पा."

दुसऱ्या दिवसापासून मला आराम झाला. माझ्यापुढं कुणी उड्या मारेना, कुणी झोक्याला रागवेना. तिघी वेळेवर यायच्या, खुर्चीवर बसायच्या, लेकरं आली की "या बाळांनो" म्हणायच्या. तक्रारीला जागा नव्हती. पण ते "या बाळांनो" एस्टीच्या तिकिटाच्या खिडकीमागून आल्यासारखं वाटायचं. खेळ चालायचे, गाणी चालायची, सगळं शिळ्या भाकरीसारखं. कोठीत खालाची भांडी जास्त आपटायला लागली. एकदा ताईनं एका लेकराला दंडाला धरून बसवलं, आणि मग स्वतःच रडत बसली. गेटावरची रडारड वाढली. एकेक लेकरू गजाला असं धरायचं की मला बोट बोट वेगळं करून सोडवावं लागायचं.

मी बाईंना म्हणालो, "हुकूम मोडा की. एवढं कशाला ऐकताव? मी तुमच्या जागी असतो तर..."

"तुम्ही माझ्या जागी असता तर डालग्यात मावला नसता," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "मुकादम, मला काय, मी उद्या घरी जाईन. पण जागा गेली तर ही लेकरं बाकावर बसतील. पाय जमिनीला टेकायचे न्हाईत असल्या बाकावर. माझं तोंड मिटल्यानं जागा ऱ्हाती का, तेवढं बघू दे मला."

ती बाई तशी बसलेली मला बघवेना. पन्नाशीतच म्हातारी दिसायला लागली होती.

आणि मग आप्पांची नात अडून बसली. ती आमच्याच बालवाडीत यायची, आजवर नाचत यायची. आता आईला ऐकेना. शेवटी एके सकाळी आप्पा स्वतः तिला घेऊन आले. पोरीनं दोन्ही हातांनी गेट धरलं आणि असा सूर लावला की रस्त्यावरचा भाजीवाला थांबला.

"बाई, बघा की हिला," आप्पा म्हणाले.

बाई पायरीवर हात जोडून उभ्या. "काय करू, आप्पा? तुमचा हुकूम हाय."

त्यांचा आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. हुकूम त्या तिघींना होता. मला नव्हता. मी तर कधी खेळतच नव्हतो, मग मला बंदी कशाची?

मी पोरीसमोर उकिडवा बसलो. गुडघे कडाडले. खांद्यावरचा रुमाल काढला आणि तिचा एक हात गजावरनं सोडवून रुमालाखाली धरला. जुन्या काळी मोंढ्यात सौदा तोंडानं व्हायचा नाही. असाच रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, बाजूच्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

"माल आत घ्यायचाय, शेठाणी," मी म्हणालो. "रडणं किती शिल्लक हाय, बोटानं सांगा. तोंडानं बोलायचं न्हाई."

पोरगी थांबली. रुमालाकडं बघितलं. मग माझी चारही बोटं दाबली.

"मंजूर," मी म्हणालो.

"अवो मुकादम!" वरून आप्पा गरजले. "पहिल्याच बोलीला मंजूर म्हणतेत व्हय? एवढी वर्सं मोंढ्यात काढून हेच शिकलाव?"

"मी हमाल माणूस, आप्पा. सौदा शेठनं करावा."

आप्पांना चुकीचा सौदा बघवत नाही, हे मला ठावं होतं. त्यांनी मला बाजूला सारलं, धोतर सावरून खाली बसले आणि खांद्यावरचं उपरणं काढून नातीच्या हातावर टाकलं. तोंड अगदी सोयाबीनचा भाव चढल्यावर करायचे तसं. त्यांनी एक बोट दाबलं. पोरीनं मान हलवली. त्यांनी दीड दाबलं. पोरीनं मान हलवली आणि उपरण्याखाली जो चिमटा काढला, आप्पा कळवळले.

"अयाया! भाव फोडला की हिनं! बुडालो, मुकादम, पार बुडालो!" आणि मोंढ्याचे ते आप्पा पांढऱ्या धोतरासकट मातीत मागं कलंडले.

पोरीची उचकी अर्ध्यात थांबली आणि तिथून हसणं निघालं. "आणखी," ती म्हणाली. तिच्या मागची लेकरं रडायचं सोडून पुढं घुसली. प्रत्येकाला सौदा करायचा होता. प्रत्येकानं चिमटा काढला. आप्पा दर वेळी बुडाले आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात कलंडले. आडतीवर इतका सुखानं बुडालेला व्यापारी मी पाहिलेला नाही.

पायरीवर बाई अजून हात जोडून होत्या. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी.

आप्पा मातीतून ओरडले, "बाई, बघायलाव काय नुसतं? माणूस दिवाळखोर झालाय हितं, उचला की!"

बाई पायरीवरून सुटल्या त्या धावत आल्या. उचललं मात्र नाही. शेजारी धाडकन आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मीबी बुडाले, आप्पा. माझं समदं तुमच्याच आडतीत व्हतं!" मग ताई बुडाली, मग खाला बुडाली, मग लेकरांचा ढीग पडला त्यांच्यावर. मी गेटाकडं तोंड केलं. त्या दिवशी धूळ फार होती, डोळ्यात गेली.

बाई आता लेकीकडं देगलूरला असतात. मधून त्यांचा फोन येतो. बोलत काही नाहीत, नुसतं बकरीसारखं ओरडतात. मी "राँग नंबर" म्हणून ठेवून देतो. समोरचा बरा आहे एवढं दोघांनाही कळतं. इतक्या वर्षांत मला एकदाही हसवता आलं नाही याचं तिला वाईट वाटत असेल, पण शब्द म्हणजे शब्द.

त्या महिनाअखेरीची गोष्ट तेवढी राहिली. क्लासवाले सर सकाळीच आले, बाकांची मापं घ्यायला टेप घेऊन. लेकरं यायची होती.

"आप्पा हायत ना? काल घरी भेटले नाहीत. आज जागेचं ठरणार होतं."

"हायत की," मी म्हणालो. "पण आत्ता भेटता यायचं न्हाई."

"मीटिंग चालू आहे?"

"न्हाई. त्यांना शेपूट बांधायलेत."

सरांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय सापडणार?

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. केसात पालापाचोळा, गालाला काळं. सरांना त्यांनी बघितलंही नाही. "मुकादम, ही दोरी आखूड पडायली. आप्पा म्हणतेत, माकड व्हायचं तर चांगलं मोठं व्हायचं, शेपूट जमिनीला टेकाया पाहिजे."

मी सरांच्या हातातली टेप घेतली, चांगली लांब होती, आणि बाईंना दिली.